डोक्याला मार लागल्यावर ऐकू येईनासे होते तेव्हा: ‘नस गेली’ म्हणण्याआधी काय पाहायचे

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: तुमचे थोरले भाऊ तीन आठवड्यांपूर्वी जिन्यावरून पडले, डोक्याची उजवी बाजू पायरीवर आपटली, काही मिनिटे शुद्ध हरपली आणि उजव्या कानातून थोडे रक्त आले. मेंदूचा सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ निघाला म्हणून दोन दिवसांनी त्यांना घरी सोडले. तेव्हापासून उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्या कानात सतत शिट्टी वाजते आणि अंथरुणात कुशीवर वळताना खोली गरगर फिरते. ‘कानाची नस गेली, आता उपाय नाही’ असे एका डॉक्टरांनी सांगितले आहे. घरातले कोणी कोमट तेल घालायला सांगत आहेत, आणि हे सगळे खरे मानायचे का, ऐकणे परत येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

कान-नाक-घशाचा शल्यचिकित्सक म्हणून असे रुग्ण मी नेहमी पाहतो. तुमचे वर्णन वाचताना मला सर्वांत आधी खटकले ते हे, की त्यात ऐकण्याच्या तपासणीचा कुठेही उल्लेख नाही. ऑडिओग्राम न काढता कोणी ‘नस गेली’ म्हणत असेल तर तो फक्त अंदाज आहे, आणि अशा अंदाजावर कोणाचाही कान सोडून देऊ नये. डोक्याला मार लागल्यावर ऐकू न येण्याची निदान पाच-सहा वेगवेगळी कारणे असतात. त्यांतली काही आपोआप बरी होतात, काहींना शस्त्रक्रियेने चांगला गुण येतो, काही कायमची राहतात. आणि कोणत्या कारणासाठी किती थांबायचे, हेही प्रत्येकाचे वेगळे असते. तेव्हा ऐकणे परत येईल का, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी आवाज वाटेत नेमका कुठे अडतो आहे, हे शोधले पाहिजे.

ती वाट थोडक्यात सांगतो. आवाजाने कानाचा पडदा थरथरतो, पडद्यामागच्या हवेच्या पोकळीतली, म्हणजे मध्यकर्णातली, हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे ती थरथर पुढे नेतात, आणि रिकिबीचा तळ ज्या खिडकीत बसतो तिच्या पलीकडे द्रवाने भरलेला अंतर्कर्ण सुरू होतो. तिथल्या वेटोळ्या नळीत, म्हणजे कॉक्लियात, सुमारे १५,००० केसपेशी असतात. त्या कंपनांचे विद्युत संदेशात रूपांतर करतात आणि श्रवणनस तो संदेश मेंदूकडे नेते. या केसपेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका त्याच द्रवाला जोडलेल्या असतात, म्हणून एकाच आघातात ऐकणे आणि तोल दोन्ही बिघडतात. हे सगळे टेम्पोरल बोन नावाच्या, कवटीच्या बाजूच्या हाडात दडलेले असते, आणि अंतर्कर्णाभोवतीचे त्याचे कवच शरीरातल्या सर्वांत कठीण हाडांपैकी एक आहे.

आता तुमच्या ‘नॉर्मल’ सीटी स्कॅनबद्दल. अपघातानंतर काढलेला मेंदूचा सीटी स्कॅन मेंदूत रक्तस्राव आहे का, सूज आहे का, हे पाहण्यासाठी असतो आणि त्याचे काप बहुधा ५ मिलिमीटर जाडीचे असतात. रिकीब हे हाड जेमतेम ३ मिलिमीटर उंच आहे. दोन कापांच्या मध्ये ते सहज हरवेल. कानातली बारीक चीर, निखळलेले हाड किंवा अंतर्कर्णात शिरलेला हवेचा बुडबुडा पाहायचा असेल तर टेम्पोरल बोनचा वेगळा, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ कापांचा सीटी स्कॅन लागतो. मेंदूचा स्कॅन चांगला आला याचा आनंद जरूर माना, पण त्यावरून कान शाबूत आहे किंवा कान गेला, यांपैकी काहीच ठरत नाही.

कानातून रक्त आले होते, हा तुमच्या वर्णनातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला तपशील आहे, आणि तो ऐकायला भयंकर वाटला तरी त्यात आशेला जागा आहे. डोक्याच्या बाजूवर मार बसल्यावर टेम्पोरल बोनमध्ये जी चीर पडते ती बहुतेक वेळा हाडाच्या लांबीला समांतर जाते. ती कानाची नळी आणि पडदा फाडते, त्यातून रक्त बाहेर येते, पण अंतर्कर्णाचे कठीण कवच तिच्या वाटेतून सहसा सुटते. याउलट, डोक्याच्या मागच्या भागावर जोराचा आघात झाला की चीर हाडाला आडवी जाऊन अंतर्कर्णातूनच आरपार जाऊ शकते. तेव्हा पडदा बऱ्याचदा अखंड राहतो आणि त्याच्यामागे निळसर-काळे रक्त साचलेले दिसते. हा नियम पक्का नाही, दोन्ही प्रकार एकत्रही सापडतात. पण बाजूवर मार आणि कानातून रक्त, हे दोन्ही असताना मध्यकर्णाची तपासणी न करता कोणी नसेला दोष देत असेल तर मी तरी ते मान्य करणार नाही.

मध्यकर्णात काय काय झालेले असू शकते? पडद्यामागे रक्त साचले असेल तर कानाला दडे बसल्यासारखे होते. ते रक्त साधारण चार ते सहा आठवड्यांत शोषले जाते आणि ऐकणे सुधारते. पडदा फाटला असेल तर कान कोरडा ठेवल्यास बहुतेक पडदे दोन-तीन महिन्यांत आपोआप भरून येतात. आणि तिसरी शक्यता, जी नेमकी ‘नस गेली’ या शिक्क्याखाली दबून राहते, ती म्हणजे हाडांची साखळी निखळणे. ऐरण हे हाड तिघांत सर्वांत अधांतरी असते, त्यामुळे बहुधा तेच हलते. शस्त्रक्रियेत पडदा उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की हातोडी जागेवर, रिकीब जागेवर, आणि ऐरणीचे लांब टोक रिकिबीच्या डोक्यावरून घसरून मिलिमीटरभर बाजूला लोंबते आहे, असे दृश्य दिसते. तेवढ्या फटीमुळे पन्नास-साठ डेसिबलचे (डेसिबल म्हणजे आवाजाची तीव्रता मोजण्याचे एकक) ऐकणे नाहीसे होऊ शकते. तीच ऐरण आकार देऊन पुन्हा बसवली किंवा टायटॅनियमचा छोटा कृत्रिम भाग घातला तर पुष्कळांना कामापुरते, काहींना त्याहून चांगले ऐकू येऊ लागते. ही शस्त्रक्रिया तातडीची नसते. रक्त ओसरून पडदा भरण्यासाठी मी साधारण तीन महिने जाऊ देतो आणि मगच उरलेला दोष मोजतो, कारण घाईने उघडलेल्या कानांपैकी काही आपोआपच सुधारले असते.

आवाज मध्यकर्णात अडतो की अंतर्कर्णात, याचा पहिला सुगावा ट्यूनिंग फोर्कने, म्हणजे एकाच सुरात वाजणाऱ्या धातूच्या काट्याने, दोन मिनिटांत लागतो. ५१२ हर्ट्झचा फोर्क वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवतात आणि आवाज कोणत्या बाजूला वाटतो ते विचारतात. दोष मध्यकर्णात असेल तर आवाज बिघडलेल्या कानाकडे सरकतो, रुग्ण स्वतःच चकित होऊन त्या कानाकडे बोट दाखवतो; दोष अंतर्कर्णात किंवा नसेत असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. घरी भावांना तोंड मिटून एकाच सुरात ‘हं’ असा हुंकार काढायला सांगा आणि तो कोणत्या कानात जास्त घुमतो ते विचारा. उजव्या, म्हणजे बिघडलेल्या कानात घुमत असेल तर मध्यकर्णाचा दोष असण्याचा संभव वाढतो. हा केवळ इशारा समजा, तपासणीला पर्याय समजू नका.

खरा निवाडा ऑडिओग्रामचा. त्यात प्रत्येक कानाचे हवेतून (हेडफोनने) आणि हाडातून (कानामागच्या हाडावर टेकवलेल्या कंपन-यंत्राने) ऐकणे वेगवेगळे मोजतात. हाडातून चांगले आणि हवेतून वाईट, असे अंतर दिसले तर दोष मध्यकर्णाचा; दोन्ही सारखेच घसरले असतील तर अंतर्कर्णाचा किंवा नसेचा. मध्यकर्णातला दोष एकटा साधारण ६० डेसिबलच्या पलीकडे ऐकणे घालवू शकत नाही, त्यामुळे आकडा ८० किंवा ९० वर गेला असेल तर अंतर्कर्णालाही इजा आहे असे धरावे लागते. इथे एक बारकावा आहे आणि तो तुम्ही आवर्जून विचारा. उजव्या कानाची चाचणी चालू असताना मोठा आवाज कवटीतून डाव्या, चांगल्या कानापर्यंत पोचतो आणि रुग्ण प्रामाणिकपणे ‘ऐकू आले’ म्हणून बटण दाबतो. हाडातून दिलेला आवाज तर जवळजवळ कमी न होताच पलीकडे जातो. त्यामुळे चांगल्या कानात मुद्दाम खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवावे लागते, यालाच मास्किंग म्हणतात. मास्किंग न करता काढलेल्या ऑडिओग्रामात पूर्ण गेलेला कानही मध्यकर्णाच्या दोषासारखा दिसतो आणि माणूस नको त्या शस्त्रक्रियेपर्यंत जाऊन पोचतो. जोडीला पडद्याची हालचाल मोजणारी टिम्पॅनोमेट्री उपयोगी पडते, मात्र पडदा फाटलेला असताना ती थांबवावी.

आता अंतर्कर्णाकडे वळू. हाड कुठेही न मोडताही अंतर्कर्णाला धक्का बसू शकतो. आघाताची लाट कवटीतून द्रवात शिरते, केसपेशी ज्या पातळ पट्टीवर उभ्या असतात ती हिसकते, आणि फार मोठ्या आवाजाने होते तशीच इजा होते. म्हणून अशा ऑडिओग्रामात ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला किंवा उंच स्वर घसरलेले दिसतात. रुग्ण सांगतो की आवाज येतो पण शब्द स्पष्ट होत नाहीत, आणि शिट्टी सतत वाजत राहते. अशी इजा सौम्य असेल तर पहिल्या काही आठवड्यांत ते महिन्यांत थोडी ते बरीच सुधारणा होते; इजा जितकी खोल तितकी सुधारणेची आशा कमी. कान सुरुवातीपासूनच पूर्ण बंद असेल आणि स्कॅनमध्ये चीर अंतर्कर्णातून गेलेली दिसत असेल, तर मात्र तो कान नैसर्गिकपणे परत येणे फार दुर्मीळ आहे, आणि ते रुग्णाला स्पष्ट सांगावे असे माझे मत आहे. खोटी आशा देऊन महिनोन्‌महिने गोळ्या खायला लावण्यापेक्षा ते बरे.

या दोहोंच्या मध्ये एक स्थिती अशी आहे की जिच्याबाबत वेळ दवडून चालत नाही. रिकिबीची खिडकी किंवा तिच्याजवळची गोल खिडकी फाटून अंतर्कर्णातला द्रव मध्यकर्णात झिरपू लागतो. अशा रुग्णाचे ऐकणे एकसारखे राहत नाही. आज बरे, उद्या वाईट, असे होत एकूण खाली घसरते. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना किंवा मोठा आवाज झाल्यावर भोवंडल्यासारखे होते. स्कॅनमध्ये अंतर्कर्णात हवा दिसली तर ही शंका जवळजवळ पक्की होते. सुरुवातीला डोके ३० अंश उंच ठेवून विश्रांती, जड उचलणे बंद, बद्धकोष्ठ होऊ न देणे आणि नाक न शिंकरणे एवढ्यावर भागते. ऐकणे तरीही घसरत राहिले तर कान उघडून ती जागा रुग्णाच्याच ऊतीच्या बारीक तुकड्यांनी बुजवावी लागते. चक्कर त्यामुळे बऱ्याचदा थांबते, पण गेलेले ऐकणे परत येण्याची खात्री देता येत नाही. भावांना असे चढउतार होत आहेत का, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते नीट विचारा.

कुशीवर वळताना गरगरणे ही मात्र बहुधा वेगळीच गोष्ट आहे, आणि सगळ्यांत सहज बरी होणारी. तोलाच्या अवयवात कॅल्शियमचे सूक्ष्म कण चिकटलेले असतात. ते आघाताने सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत जातात आणि डोक्याची स्थिती बदलली की द्रवाला ढकलतात. तपासताना रुग्णाला बसवून, मान एका बाजूला ४५ अंश वळवून झटकन आडवे करतात. काही सेकंद काहीच होत नाही, मग डोळे खालच्या कानाच्या दिशेने वळसे घेत थरथरू लागतात, रुग्ण पलंगाची कड घट्ट पकडतो, आणि मिनिटभरात सगळे शांत होते. हे दिसले की निदान झाले. यावर एपली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली, डोके ठरावीक क्रमाने फिरवून कण परत जागेवर नेण्याची पद्धत वापरतात आणि तिला पाच-दहा मिनिटे लागतात. मार लागल्यानंतरच्या प्रकारात कण कधी दोन्ही कानांत, कधी एकापेक्षा जास्त नलिकांत गेलेले असतात, त्यामुळे एकापेक्षा अधिक वेळा करावे लागते आणि त्रास उलटूही शकतो. त्याआधी मानेच्या मणक्यांना इजा नाही याची खात्री करून घ्या. म्हणूनच चित्रफीत पाहून घरी हा प्रयोग करू नका. चक्करेच्या गोळ्यांनी हे कण हलत नाहीत. मेंदूला मंद करणाऱ्या त्या गोळ्या पहिले काही दिवस ठीक, पण महिनाभर चालू ठेवल्या तर मेंदूचे नव्या तोलाशी जुळवून घेणेच लांबते.

स्टेरॉइडबद्दल तुम्ही थेट विचारलेले नाही, पण कोणी ना कोणी ते सुचवीलच. कारण न सापडणाऱ्या अचानक बहिरेपणात पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड देण्याचा प्रघात आहे, आणि त्याच तर्काने ते अंतर्कर्णाच्या धक्क्यातही देतात. मात्र अपघाती बहिरेपणातला पुरावा तोकडा आहे. शिवाय ताज्या डोक्याच्या दुखापतीत ते निरुपद्रवी नसते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश’ या मोठ्या चाचणीत, पहिल्या आठ तासांत आलेल्या सुमारे १०,००० रुग्णांत, स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी १८ टक्के दोन आठवड्यांत दगावले. तिथली मात्रा कानासाठी देतात तिच्या कितीतरी पट होती, त्यामुळे तो निष्कर्ष तुमच्या भावांना जसाच्या तसा लागू होत नाही. ऑडिओग्रामात अंतर्कर्णाचा अर्धवट दोष दिसला, रक्तातील साखर व रक्तदाब ठीक असला आणि मेंदूच्या डॉक्टरांची हरकत नसली, तर तीन आठवड्यांनंतरही मी थोड्या दिवसांचा कोर्स देऊन पाहीन, पण फायदा अनिश्चित आहे हे आधी सांगून. स्वतःहून दुकानातून घेऊन सुरू करण्याचे हे औषध नव्हे. नसांना ताकद देणारी म्हणून मिळणारी जीवनसत्त्वे केसपेशी परत आणत नाहीत.

तेलाचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. तेल, कानातले थेंब, पिचकारीने धुणे, कापसाची काडी, यांतले काहीही पडदा तपासल्याशिवाय कानात जाऊ नये, कारण पडदा फाटलेला असेल आणि हाडाला चीर असेल तर तो मार्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा. कानातून किंवा वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा पातळ द्रव ठिबकणे, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, ताप येऊन मान ताठणे, डोकेदुखी वाढत जाणे किंवा गुंगी येणे, यांतले काहीही झाले तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. चीर अंतर्कर्णाच्या कवचातून गेलेली निघाली तर एक गोष्ट पुढच्या अनेक वर्षांसाठी लक्षात ठेवावी लागेल: ते कवच इतर हाडांसारखे नव्या हाडाने सांधत नाही, तंतुमय ऊतीने कसेबसे जुळते, आणि साध्या कानाच्या संसर्गातून कित्येक वर्षांनीही मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. अशा रुग्णांना न्यूमोकोकस या असा दाह करू शकणाऱ्या जंतूविरुद्धची लस घ्यायला मी सांगतो.

समजा, सगळ्या तपासण्यांनंतर ऐकणे परत येणार नाही असेच ठरले, तरी ‘उपाय नाही’ हे वाक्य खरे ठरत नाही. थोडेफार ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र लागते आणि त्याने शिट्टीही बऱ्याच जणांना कमी जाणवते, कारण बाहेरचे आवाज पुन्हा मेंदूपर्यंत पोचू लागतात. कान पूर्ण गेला असेल तर त्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारी यंत्रे आहेत, काही कवटीच्या हाडातून कंपने पोचवतात. नस शाबूत असेल तर कॉक्लियर इम्प्लांटही, म्हणजे कॉक्लियात तार बसवून नसेला थेट विद्युत संदेश देणारे यंत्र, बसवता येऊ शकते. एका बाजूच्या बहिरेपणासाठीही आता ते बसवतात. इथे पुन्हा ‘नस’ आणि ‘अंतर्कर्ण’ यांतला फरक आडवा येतो: केसपेशी गेल्या पण नस जिवंत असली तर इम्प्लांट चालते, नसच तुटली असेल तर चालत नाही, आणि हे एमआरआयवरून कळते. चीर गेलेल्या कॉक्लियात पुढे हाड वाढून नळी बुजू शकते, त्यामुळे त्या वाटेने जायचेच असेल तर वर्षानुवर्षे थांबू नये.

प्रश्न वाचणाऱ्यांत पालकही असतील म्हणून जाता जाता सांगतो: लहान मुलाच्या डोक्याला अगदी किरकोळ मार लागून ऐकणे एकदम घसरले, तर अंतर्कर्णातून निघणारी एक नलिका जन्मतः रुंद असण्याची शक्यता स्कॅनने तपासून घ्यावी. अशा मुलांना डोक्यावर मार बसणारे खेळ टाळायला सांगतात.

तुमच्या भावांसाठी क्रम असा ठेवा. याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून सूक्ष्मदर्शकाखाली कान तपासून घ्या, मास्किंगसह ऑडिओग्राम करा, डोक्याची स्थिती बदलून केली जाणारी चक्करेची तपासणी करून घ्या, आणि ऑडिओग्रामचा निकाल पाहून टेम्पोरल बोनचा सीटी स्कॅन ठरवा. मध्यकर्णाचा दोष निघाला तर तीन महिन्यांनी पुन्हा ऑडिओग्राम; अंतर्कर्णाचा निघाला तर दोन-तीन आठवड्यांनीच. तोवर त्यांना एकट्याने वाहन चालवू देऊ नका, शिडीवर चढू देऊ नका आणि डाव्या कानाला मोठ्या आवाजापासून जपा. ऑडिओग्राम हातात आला की उजव्या कानाचे ५००, १,०००, २,००० आणि ४,००० हर्ट्झचे हवेतले आणि हाडातले आकडे, तसेच मास्किंग केले होते की नाही, एवढे कळवा. त्यावरून पुढचे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.